एव्हिसच्या चित्रातली दुसरी खुर्ची

बायको, एव्हिस, गेल्याचा फोन आला तेव्हा क्लॅरी पॉबजॉय मेंढ्यांना जंताचं औषध पाजत होता. मोठ्या गावच्या हॉस्पिटलमधली नर्स हळू आवाजात बोलली. क्लॅरी "बरं" म्हणाला, फोन खिशात टाकला आणि उरलेल्या चौदा मेंढ्यांना औषध पाजून मगच गाडीत बसला. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फाटकाजवळच्या टपालपेटीत एव्हिसच्या नावाचं एक जाड पाकीट होतं. ते त्याने हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसून फोडलं. "प्रिय उदयोन्मुख कलाकार," अशी सुरुवात होती. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मेल्यावर तीन तासांनी, एव्हिस उदयोन्मुख झाली होती.

मेलबर्नची कोणी मंडळी नव्या चित्रकारांचं फिरतं प्रदर्शन काढणार होती. ट्रकमधून चित्रं न्यायची, गावात एक दिवस मांडायची, संध्याकाळी गुंडाळून पुढे जायचं. वर्षभरात अकरा गावं. त्यासाठी एव्हिसचं चित्र निवडलं होतं. तिने ते कधी पाठवलं हे क्लॅरीला माहीत नव्हतं. कपडे धुण्याच्या खोलीतली, चित्र टेकवायची लाकडी घोडी महिनाभर रिकामी होती, पण तिकडे त्याने लक्ष दिलं नव्हतं.

चित्र मात्र त्याला चांगलं माहीत होतं. त्यांचाच व्हरांडा, टेबल, दोन कप, दोन खुर्च्या. एका खुर्चीत एव्हिस. दुसरीत पेन्सिलीने काढलेली माणसाची बाहेरची रेघ, आत कोरा कॅनव्हास. त्या खुर्चीत क्लॅरीने बसायचं होतं. "दोनच तास बस," असं ती तीन वर्षं म्हणत होती. तो म्हणायचा, लोकर कातरून होऊ दे. मग म्हणायचा, पेरणी होऊ दे. मग कापणी.

ऑक्टोबरात ट्रक क्लॅरीच्या गावी, बिरिंडाला, आला. गावात मोठी जागा एकच, शेतकी मेळ्याच्या मैदानावरचा कोंबड्यांचा मांडव. भिंती पांढऱ्या कापडाने झाकल्या, तरी वास कोंबड्यांचाच राहिला. प्रदर्शनाची प्रमुख सास्किया नावाची मुलगी होती. काळे कपडे, केशरी चष्मा. वास घेऊन ती म्हणाली, "किती अस्सल आहे हे!"

मांडवाच्या मधोमध कुंपणाच्या गंजक्या तारेचा ढीग होता. तो बनवणारा कलाकारही उदयोन्मुख होता. शेजारचा शेतकरी नेव्हिल ओकडेन याने ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"क्लॅरी, माझ्या शेडमागे याच्या चौपट कला पडलीय रे. बायको सात वर्षं उचल म्हणतेय."

"उचलू नको आता," क्लॅरी म्हणाला. "ट्रक येईल न्यायला."

एव्हिसचं चित्र कोपऱ्यात होतं. खाली पाटी होती: 'अनुपस्थिती, क्रमांक एक. ग्रामीण स्त्रीच्या आयुष्यातून पुरुषसत्तेला पुसून टाकणारी धीट पोकळी.' क्लॅरीने पाटी दोनदा वाचली. एव्हिसने चित्राला नाव दिलंच नव्हतं. ती त्याला 'व्हरांडा' म्हणायची.

अकरा वाजता सास्किया आणि तिची माणसं कॉफी प्यायला गेली. पेट्रोल पंपावरची कॉफी त्यांना चालण्यासारखी नव्हती, म्हणून साठ किलोमीटरवर गेली. तेवढ्यात जॉईस थ्रेलफॉल आली. शेतकी मेळ्यातल्या हस्तकला विभागाची ती मुख्य परीक्षक. सोबत दोन मदतनीस बाया, हातात पेन्सिली आणि कार्डं. त्या मांडवात भिंतीवर काही लावलंय म्हणजे त्याचं परीक्षण व्हायचंच, हे बिरिंडात कुणी कुणाला विचारत नाही. तासाभरात सगळ्या कलाकृतींवर कार्डं लागली. तारेच्या ढिगावर: 'टोकं घासलेली नाहीत. मांडणीत नेटकेपणा नाही.' एका काळ्या चौकोनावर: 'रंग सारखा लावला आहे. उत्तेजनार्थ.' एव्हिसच्या चित्रावर: 'अपूर्ण. परीक्षणास घेतलेले नाही.'

"जॉईस, ते कार्ड काढ," क्लॅरी म्हणाला.

"नाही काढणार. एव्हिस असती तर तिनेच लिहिलं असतं. ती परीक्षक असताना माझ्या स्वेटरचं एक बटण शिवायचं राहिलं म्हणून तिने मला बाद केलं होतं. चाळीस वर्षं मैत्रीण होते मी तिची."

"मी जिवंत आहे गं. माझ्यासाठी काढ."

"तुझ्यासाठीच तर लावलंय, क्लॅरी."

जॉईस चहाच्या टेबलाकडे गेली आणि स्कोनच्या छोट्या गोड पावावर जॅम लावू लागली.

सास्किया परतली ती कार्डं पाहून आधी पांढरी पडली. मग तिने फोन काढला. "समाजाने कलेत केलेला थेट हस्तक्षेप! ही कार्डं काढायची नाहीत. ती पुढच्या गावांनाही जातील."

क्लॅरी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "पोरी, ते कोपऱ्यातलं चित्र मला घरी न्यायचंय."

"क्लॅरी, तुमचं दुःख मी समजू शकते. पण एव्हिसनी करारावर सही केलीय. पुढच्या ऑगस्टपर्यंत चित्र आमच्याकडे आहे."

"पूर्ण झालेलं नाही ते."

"तेच तर त्याचं सामर्थ्य आहे! ती पोकळी पाहून लोक रडतात."

"पोकळी नाही ती. तिथे मी बसायचं होतं. तिने तीन वर्षं बोलावलं, मी बसलो नाही. तिने कुणाला पुसलं नाही. ती थांबली होती."

सास्कियाने चष्मा काढला. क्षणभर ती चांगल्या घरची साधी मुलगी दिसली. मग तिने हळूच विचारलं, "हे पाटीवर घालू शकतो का आम्ही? तुमच्याच शब्दांत? फार ताकदीचं आहे हो."

"नाही," क्लॅरी म्हणाला. "'व्हरांडा' एवढंच लिही."

"'व्हरांडा' जरा... सपाट होतं."

"सपाटच आहे. मीच ठोकलाय तो."

तिने ते वहीत लिहून घेतलं. पाटी बदलली नाही.

चार वाजता कापडं उतरली. चित्रं खोक्यांत गेली, तार सहा माणसांनी हातमोजे घालून उचलली. एव्हिसचं खोकं क्लॅरीने स्वतः धरून ट्रकपर्यंत नेलं. कार्ड त्याने काढलं नाही. जॉईस म्हणाली ते खरं होतं. नेव्हिलने त्याच्या हातात सॉसेज घातलेला ब्रेड दिला, तो त्याने उभ्यानेच खाल्ला. ट्रक उत्तरेकडे निघून गेला.

घरी आल्यावर क्लॅरीने तोंड धुतलं, केस विंचरले आणि व्हरांड्यात आपल्या खुर्चीत बसला. दोन तास बसला. या वर्षीची लोकर कातरून झाली आहे. पेरणी झाली आहे. खुर्चीतला माणूस काढायचा राहिला आहे.