कोरड्या बंदराची पहिली गाडी

"लावा दार," घुबड आतून ओरडला. बाहेरच्या हमालाने कंटेनरची दोन्ही दारं ढकलून कडी पाडली. आत मिट्ट काळोख झाला आणि त्याबरोबर वास अंगावर आला. या कंटेनरमधून आधी कच्ची कातडी गेली होती हे सांगायला कागद बघायची गरज नव्हती. त्यावर कुणीतरी गुलाबाचा सुगंधी फवारा मारून ठेवला होता. नुसती कातडी तरी बरी म्हणावी, पण गुलाब मिसळलेली कातडी म्हणजे शिसारी. घुबडाने रुमाल नाकाला लावला, घशाशी आलेलं मागे गिळलं आणि मान वर करून उभा राहिला.

तेवीस वर्षं त्याचं हेच काम, आधी समुद्रावरच्या बंदरात, आता इथे. रिकाम्या कंटेनरमध्ये स्वतःला कोंडून घ्यायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं. उजेड आला तिथून पाणीही येणार. मग कंटेनर नापास. हमालांनी म्हणून त्याला घुबड नाव ठेवलं. एकदा भांडणात बायकोनेही त्याच नावाने हाक मारली, तेव्हापासून ते कायमचं चिकटलं.

आत शिरल्यापासून छतावर काहीतरी घसटत होतं. त्याने सगळीकडे पाहिलं. उजेडाचा एक कण दिसेना. इतक्या जुन्या खटाऱ्याला एकही भोक नसावं याचं त्याला जरा नवलच वाटलं.

बाहेर आला तेव्हा मांडववाले कंटेनरच्या छतावरून दोन्ही बाजूंना भलामोठा कापडी फलक सोडून दोऱ्या आवळत होते. फलकावर लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नवं महाद्वार'. समुद्र इथून रेल्वेने दोन दिवसांवर. पण आता समुद्राला कशाला जायचं? माल इथेच भरायचा, इथेच सील करायचा, बंदरावर थेट जहाजात. कोरड्या बंदराची कल्पना वाईट नव्हती. पण महाद्वारासाठी आणलेले कंटेनर भंगारात निघालेले होते आणि त्यांना वरून निळा रंग थापला होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

"काय घुबडराव, पास ना?" यार्डाचे साहेब तपासणीचा अर्ज पुढे करत म्हणाले. पान खाऊन ओठांचे कोपरे लाल झाले होते.

"उजेड नाही. पण वास किती मारतोय, साहेब! यात कापड भरायचंय."

"वासाचा रकाना आहे का अर्जात? नाही ना? मग? उद्या पाहुणे येणार, चाळीसचे चाळीस कंटेनर गाडीवर दिसले पाहिजेत."

कंटेनरभोवती एक फेरी मारायची, बाहेरून पत्र्यावर हात फिरवायचा, मगच सही करायची, असा घुबडाचा नेम. आज त्याने फेरी मारली नाही. कारण मागे टेम्पो उभा होता आणि टेम्पोत त्याची धाकटी बहीण बसली होती. बारा बायकांना घेऊन तिने बाळांची दुपटी शिवायचं काम काढलं होतं. दोन वर्षं खेटे घालून परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली होती. या गाडीने माल गेला तरच मुदतीत पोचणार, नाहीतर ऑर्डर रद्द. त्याने सही केली.

बायका गठ्ठे चढवायला लागल्या. बहीण दारातच थबकली.

"दादा, हा वास कसला रे?"

"बंद होता ना, म्हणून. निघून जाईल."

"नक्की?"

"अगं, मी कशाला खोटं बोलू?"

बोलल्याबरोबर त्याला स्वतःचीच किळस आली. तरीही संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने सील ठोकलं.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली. एका पाहुण्याने सांगितलं की आजपासून समुद्र आपल्या दारात आला आहे. टाळ्या पडल्या. मंचाच्या पाठीमागे आदल्या रात्रीच्या जेवणाचं खरकटं कुजत पडलं होतं, आणि त्यावरच्या माश्या थेट पाहुण्यांच्या सरबतावर येऊन बसत होत्या. बहीण आणि तिच्या बारा बायका दोरीपलीकडे नवे कपडे घालून उभ्या होत्या. त्यांचा कंटेनर गाडीच्या अगदी शेवटच्या वाघिणीवर, म्हणजे सपाट मालडब्यावर होता. त्याच्यासमोर सगळ्यांचे फोटो झाले.

मग मांडववाल्यांनी फलक सोडवून घेतला, कारण गाडीबरोबर तो गेला असता आणि तो भाड्याने आणलेला होता. कापड खाली आलं आणि घुबड पुढे सरकला. छताच्या कडेला पत्रा गंजून चाळणी झाला होता. एका भोकात तर त्याची करंगळी गेली असती. काल उजेड दिसला नाही, कारण वर महाद्वार पांघरलं होतं. फेरी मारली असती, कापड वर उचललं असतं, तर डोळ्यांसमोरच होतं.

तो साहेबांकडे धावला. "शेवटचा कंटेनर काढा. फुटका आहे."

"तुमचीच सही आहे."

"माझीच आहे. चुकलो. काढा."

"वेड लागलंय का? इंजिनाने शिट्टी दिलीय. विमा आहे ना, भिजू द्या." साहेब बाजूला थुंकले. पाहुण्यांच्या गालिच्यावर दोन थेंब उडाले, ते त्यांनी बुटाने पुसले.

घुबडाला वाटलं, यांच्या तोंडी लागून तोंड विटाळण्यात अर्थ नाही. त्याने पिशवीतून कटर काढला, वाघिणीवर चढला आणि सगळ्यांच्या देखत आपलंच सील तोडलं. सील तुटलेला कंटेनर पुढे जात नाही, हा नियम पाहुण्यांना माहीत नव्हता, पण गाडीच्या गार्डला होता. त्याने शेवटची वाघीण सोडवली. एकोणचाळीस कंटेनर घेऊन गाडी निघाली, बँड वाजला, आणि तोपर्यंत साहेबांनी घुबडाकडून सीलांची पिशवी काढून घेतली होती. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले, तेही हसत, कारण फोटो चालू होते.

बहीण दोरीखालून वाकून आली.

"काय केलंस हे? माझा माल उतरवलास?"

"पत्रा सडलाय गं. जहाजावर महिनाभर पाणी आत गेलं असतं."

"मग काल काय डोळे फुटले होते तुझे?"

"काल मी नीट बघितलं नाही. बघायचंच नव्हतं मला. तुझा माल पहिल्या गाडीने जावा, एवढंच डोक्यात होतं. वासाचंही खोटं बोललो."

ती वाघिणीवर चढली. कंटेनरचं दार उघडून तिने एक गठ्ठा सोडला, वरचं दुपटं काढलं आणि नाकाशी नेलं. एका रात्रीत कातडी कापसात उतरली होती. तिने तोंड फिरवलं. बारापैकी सर्वांत वयस्क बाई मटकन खाली बसली आणि कुणाचंही नाव न घेता शिव्या द्यायला लागली.

"तिकडचा व्यापारी ऑर्डर रद्द करून म्हणेल, बायकांचं काम असंच असतं," बहीण म्हणाली.

घुबड गठ्ठा उचलायला वाकला. तिने त्याचे हात बघितले, कटरचं तेल आणि गंज लागलेले.

"आधी हात धुऊन ये."

मंचाजवळ पाहुण्यांसाठी नवाकोरा चकचकीत नळ बसवला होता. त्याने तो फिरवला. पाणी आलं नाही. वाकून पाहिलं तर नळाला पाइपच जोडलेला नव्हता. मग त्याने अंगातला खाकी शर्ट काढला, त्याच्या आतल्या स्वच्छ बाजूने दोन्ही हात बोटाबोटांतून घासून पुसले आणि शर्ट नळावर टांगून बनियनवर परत आला.

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. "तिकडून धर," ती म्हणाली. त्याने धरलं.