पार्टिशनपलीकडचे अर्ज

आमच्या सूनबाईंचं एक वागणं मला मुळीच पटत नाही. समोरच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की हिच्या तोंडाला कुलूप, आणि कागदाशी बोलायला लागली की तोंडाला खळ नाही. सकाळी विचारावं, "जेवायला काय करू?" तर "काहीही चालेल, आई." संध्याकाळी विचारावं, "दमलीस का गं?" तर "नाही, आई." एवढ्यावर आमचा दिवस उरकतो. मुलगा माझा जहाजावर. त्याचा फोन येतो रेंज मिळेल तेव्हा, आणि भर समुद्रात रेंज काय माशांनी द्यायची? घरात आम्ही दोघीच.

ही काम काय करते, तर संस्थांसाठी पैसे शोधते. एखाद्या शाळेला छप्पर घालायचंय, कुणाला बायकांचा शिवणवर्ग काढायचाय. मग त्यासाठी सरकारची कुठली योजना आहे, कुठला ट्रस्ट देईल, कुठली कंपनी देईल, मुदत कधी संपते, सगळं ही हुडकून काढते आणि अर्ज लिहून देते. सरकारची वेबसाइट नेमकी मुदतीच्या दिवशीच मान टाकते. तेव्हा ही त्या स्क्रीनला जे बोलते, ते मी इथे लिहिणार नाही. पण शब्द होते की तिच्याकडे! माझ्या वाट्यालाच नव्हते.

तिची एक पद्धत आहे. अर्ज पाठवायच्या आधी तो मोठ्याने वाचायचा. आपल्या कानाला जिथे खडा लागतो, तिथेच साहेबाच्या दातालाही लागणार, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. हे वाचन चालतं दुपारी, मी झोपलेली असते तेव्हा. म्हणजे तिची तशी समजूत आहे. तिच्या आणि माझ्या खोलीत नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. मी आपली भिंतीकडे तोंड करून पडायची आणि ऐकायची.

काय काय माणसं भेटली मला त्या पार्टिशनमधून! ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक बाई वर्ग गप्प करायला दिवा उघडझाप करतात. फिरत्या वाचनालयाचा एक ड्रायव्हर, पुस्तक परत न करणाऱ्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवत बसतो. मला तो फार आवडला. त्यांना पैसे मिळाले की नाही, देव जाणे. विचारणार कुठल्या तोंडाने? मी तर झोपलेली!

मग या वर्षी तिने स्वतःचंच एक काम काढलं. दवाखान्यामागे एक हॉल रिकामा पडलाय. ज्यांचे आईबाप कामावर असतात अशी मुलं शाळा सुटल्यावर तिथे यायची, आणि घरात एकटी असणारी म्हातारी माणसंही. मुलांनी धडा मोठ्याने वाचायचा, म्हाताऱ्यांनी ऐकायचा. मुलांचं वाचन सुधारतं आणि ऐकणाऱ्याला सोबत होते. एवढं साधं. पण शिक्षण खात्याने कळवलं, म्हातारी माणसं आमच्या योजनेत बसत नाहीत. समाजकल्याणवाल्यांनी कळवलं, मुलं आमच्या योजनेत बसत नाहीत. दोन खात्यांत हिचा चेंडू झाला. शेवटी एका खाजगी ट्रस्टने ऐकून घेतलं. ते म्हणाले, आकडे सगळेच पाठवतात, तुम्ही एका माणसाची हकीकत पाठवा, आमची बाई येऊन त्या माणसाला भेटेल. दुसरीकडे कुठे आशा नव्हती. हे मला माहीत होतं, कारण त्या दिवशी ती जेवली नाही आणि "भूक नाही, आई" म्हणाली.

तर ती हकीकत ती वाचत होती आणि मी ऐकत होते. एक म्हातारी होती. दिवसभर टीव्ही चालू ठेवायची, बघायची मात्र नाही. शेजारच्या दाराची बेल वाजली तरी उठून आपलं दार उघडायची. मला इतकं वाईट वाटलं! मनात म्हटलं, मेली हिची माणसं गेली कुठे? मग सूनबाई पुढे वाचायला लागली, "चुकून लागलेल्या फोनवरही ती बराच वेळ बोलते. बोलणं संपलं तरी फोन लगेच खाली ठेवत नाही."

मी ताडकन उठून बसले.

कारण तो फोन माझा. टायरच्या एका दुकानाचा आणि आमचा नंबर फक्त शेवटच्या आकड्यात वेगळा. एक टेम्पोवाला आहे, त्याचा हमखास मलाच लागतो. त्याला नंबर सुधारून घ्यायचा कंटाळा, मला सुधारून द्यायचा. त्याची मुलगी नर्सिंगच्या परीक्षेला बसलीय इथवर आमची ओळख पोचलेली.

पलीकडे सूनबाई वाचत होती, "घरात दुसरं माणूस आहे. पण ते दिवसभर इतरांसाठी मदत शोधत असतं." इथे ती थांबली. तेच वाक्य पुन्हा वाचलं. पुढचं मला ऐकूच आलं नाही.

राग असा आला की सांगता सोय नाही. या घरात मी एकटीने माणसं वाढवली, आलेल्याला उपाशी पाठवलं नाही, आणि माझी बिचारी करून परक्याच्या टेबलावर ठेवली? त्या दिवसापासून टीव्ही बंद केला. शेजारची बेल वाजली तरी जागची हलले नाही. टेम्पोवाल्याला "राँग नंबर" म्हणून फोन आपटला. घर इतकं गप्प झालं की फ्रिज चालू झाला तरी दचकायला व्हायचं. सूनबाईच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण विचारेल तर ना!

मग एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मंगळवारी एक बाई येतील. तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

"माझ्याशी? मी काय मंत्री आहे?"

"त्या हॉलच्या कामाबद्दल."

"असं होय," म्हटलं, आणि ठेवणीतले कपडे इस्त्रीला काढले. मनात पक्कं ठरवलं होतं. या घरात कुणी एकटं नाही, असं त्या बाईला तोंडावर सांगायचं.

बाई आल्या. केस आखूड, बोलणं मऊ. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"मावशी, दिवस कसा जातो तुमचा?"

"दिवसाला काय धाड भरलीय? जातो आपला आपण. मुलगा फोन करतो, शेजारीपाजारी आहेत. मला बाई कसला वेळ?"

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग सुनेकडे. सूनबाईचा चेहरा पांढराफटक. आई खोटं बोलतायत, असं म्हणू शकली असती. पण म्हणाली नाही.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलला. त्याचा आवाज मी कायम मोठाच करून ठेवते. "टायर आलेत का हो?" खोलीभर आवाज.

नुसतं "राँग नंबर" म्हणायचं होतं. बाईंच्या देखत मान ताठ राहिली असती. मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "मावशी, तुम्हीच का? मागच्या खेपेला रागावला होतात. पोरगी पास झाली बघा! तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

माझ्याच्याने फोन ठेववेना. "किती मार्क पडले?" म्हटलं. "नोकरी कुठे लागणार? रात्रपाळी नको घेऊ म्हणावं सुरुवातीला." तो बोलत होता, मी बोलत होते. त्याने फोन ठेवला तरी माझा हात तिथेच. मग वर बघितलं तर दोघी माझ्याकडे बघत होत्या.

बाईंना म्हटलं, "कागदावर जे लिहिलंय ना, ते सगळं खरं आहे. तो हॉल उघडा तुम्ही. माझ्यासारख्या पुष्कळ असतील."

त्या म्हणाल्या, निर्णय कळवायला महिना लागेल. चहा पिऊन गेल्या. दार लावून मी वळले तर सूनबाई ट्रे छातीशी धरून तशीच उभी.

"आई, मी तुम्हाला आधी..."

"गप. आता माझं ऐक," म्हटलं. "मी एकटी पडलेय हे तुला दिसत होतं. परक्या बाईला सांगायला तुला पानभर सुचलं, आणि मला विचारायला एक शब्द सुचला नाही. ते पैसे मिळोत नाहीतर बुडोत, तुझा गुन्हा हा एवढा आहे, आणि त्याची शिक्षा मी देणार. उद्यापासून जे काय वाचायचंय ते पार्टिशनच्या या बाजूला, माझ्या पलंगावर बसून वाचायचं. आणि त्या हॉर्नवाल्या ड्रायव्हरला पैसे मिळाले की नाही ते आधी सांग. मी दुपारी झोपत नाही."