चौदाव्या अंकातली कबर

“रॉइसची खुर्ची कोणती?” कॉरिन टिबेट्सनं दारातूनच विचारलं.

टोलिडो शहरातल्या एका कॉमिक्सच्या दुकानाची ही मागची खोली. खोलीत दोघंच होते, दुकानदार गार्वी आणि मिल्टन साबो. गार्वीनं खिडकीजवळची खुर्ची दाखवली, तशी कोट न काढताच कॉरिन तिच्यात बसली. रॉइसला पुरून तीन आठवडे झाले होते. वीसेक वर्षं दर शनिवारी तो या खुर्चीत बसून मिल्टनशी भांडत आला होता, आणि त्याची बायको आज पहिल्यांदाच इथं पाऊल टाकत होती.

मिल्टननं आपली पिशवी हळूच पायानं टेबलाखाली सरकवली. पिशवीत बुधवारी आलेला नवा अंक होता.

भांडणाचं मूळ तसं एवढंसंच. ‘फार बीकन’ ही अंतराळातली जुनी टीव्ही मालिका, आणि तिच्यावरून निघणारी कॉमिक्स. चौदाव्या अंकात कॅप्टन व्हॅरो आपल्या वैमानिकाच्या, टेबच्या, कबरीपाशी उभी आहे. आता मालिकेत टेब मरतो तो अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी कॅप्टनचा डावा हात तुटतो. या चित्रात मात्र तिचे दोन्ही हात शाबूत. मग हे चित्र केव्हाचं? रॉइस म्हणायचा, टेब मेल्यानंतरचं. डावा हात खोटा आहे. मिल्टन म्हणायचा, सुरुवातीचं. हात तुटण्याआधी टेब एकदा बेपत्ता झाला होता, तेव्हा मेला असं समजून त्यांनी रिकामी कबर केली. या प्रश्नापायी दोघांनी किती कॉफी थंड केली असेल, देव जाणे.

नव्या अंकात ती रिकामी कबर खणतानाच दाखवली होती. हा वाद ठाऊक असलेल्या लोकांनी इंटरनेटवर मिल्टनचं अभिनंदन केलं. दिवसभर चष्म्यांच्या दुकानात काचा घासून घरी एकट्यानं जेवणाऱ्या माणसाचं अभिनंदन करायची वेळ कुणावर फारशी येत नाही. पण त्याला त्याचा आनंद झाला नाही. आनंद करायचा तर समोर जळफळणारा माणूस हवा, तो कुठून आणायचा?

“मला एकच विचारायचंय,” कॉरिन म्हणाली. “तो बरोबर होता का?”

गार्वीनं तिच्या मागून डोळ्यांनी खुणावलं. ती येणार हे कळल्यावर त्यानं सकाळीच बजावलं होतं, “बरोबर होता म्हण आणि मोकळा हो. तुझं काय जातंय?”

“बरोबर होता,” मिल्टन म्हणाला.

“इतक्या लगेच?” कॉरिन ताठ झाली. “साबो, माझी कीव करू नका. इथनं घरी आला की स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचा. साबो असं म्हणाला, साबो तसं म्हणाला. माझे बटाटे करपायचे. तुम्ही इतक्या सहज मान्य करणार होतात, तर तो माणूस इतकी वर्षं माझं डोकं का खात होता?”

गार्वीला हसू आलं, ते त्यानं खोकून लपवलं.

“मग काय, भांडू तुमच्याशी?” मिल्टननं विचारलं.

“भांडा की. एक पान वाचलेलं नाही मी, पण सगळं पाठ आहे.”

मिल्टन फार थकला होता. आज तो आला होता तोही केवळ शनिवारी दुसरीकडे कुठं जायचं हे माहीत नव्हतं म्हणून. त्यानं चौदावा अंक उघडून तिच्यापुढे ठेवला.

“दोन हात दिसतायत ना?”

“डावा खोटा आहे. हातमोजा बघा.”

“हातमोजा उजव्या हातातही आहे.”

“एकाच हातात घातला तर गावाला कळेल! माझ्या आईचे दात खोटे होते, ती फोटोत हसायचीच नाही.”

“हे रॉइसचं?”

“छे, हे माझं.”

“मालिकेत तिला खोटा हात बसवलेला कुठंच दाखवलेला नाही.”

“मालिकेत ती कधी आंघोळ करतानाही दाखवलेली नाही. म्हणून काय पारोशी हिंडते?”

हे मात्र थेट रॉइसचं होतं, हेल सुद्धा त्याचाच. आता लपवाछपवी करणं मिल्टनला बरं वाटेना. त्यानं वाकून पिशवीतला नवा अंक काढला.

“हा बुधवारी आलाय.”

कॉरिननं ते खणणं पाहिलं, रिकामी शवपेटी खाली सोडलेली पाहिली. “म्हणजे कबर आधीचीच. आणि तो परत येतो?”

“मालिकेत दोन भागांनी येतो.”

“यावर तो काय म्हणाला असता?” तिचा आवाज उतरला. “मला नाही येत हो, साबो. हे त्यानं घरी कधी सांगितलंच नाही.”

मिल्टनला तिथं थांबता आलं असतं. पण रॉइस असा निरुत्तर झालेला त्यानं कधी पाहिला नव्हता, आणि आज त्याच्या खुर्चीत पाहवेना. त्यानं दोन्ही अंक शेजारी ठेवले. तीच टेकडी, तोच दगड. हे चित्र त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण पाहिले होते ते फक्त हात.

“इकडे बघा,” तो सावकाश म्हणाला. “नव्या अंकात कॅप्टन आभाळाकडे बघतेय. टेब येईल म्हणून वाट बघतेय. आणि चौदाव्यात खाली, मातीकडे. कबर तीच, पण नंतरची. आता तो खरंच आत आहे, म्हणजे डावा हात खोटाच.”

“कशावरून?”

“रॉइसला पुरलं त्या दिवशी तुम्ही कुठं बघत होतात?”

कॉरिनची नजर खाली, मांडीवरच्या हातांकडे गेली.

“मीही खालीच बघत होतो,” मिल्टन म्हणाला.

तिनं नाक पुसलं. “हे रॉइसनं सांगितलं असतं?”

“नाही. त्याला ते दिसलंच नव्हतं. मलाही आत्ता दिसलं. पण मुद्दा त्याच्या बाजूचा आहे. तो बरोबर होता, कॉरिन. मघाशी मी उगाच म्हणालो, आता मनापासून म्हणतोय.”

तिनं मान डोलावली, गार्वीनं दिलेली कॉफी शेवटपर्यंत प्यायली आणि उठून गेली. दार उघडलं तेव्हा गावाजवळच्या तलावावरचा बोचरा वारा खोलीभर शिरला.

“काय रे,” गार्वी म्हणाला, “खाली बघायला दुसरंही कारण असू शकतं. खोडून काढ की.”

“असेल,” मिल्टन म्हणाला. त्यानं अंक पिशवीत भरले, पण तो उठला नाही. वीस वर्षांत रॉइसच्या बाजूनं इतका बिनतोड मुद्दा कुणी काढला नव्हता, आणि त्याला तो फक्त रॉइसला सांगायचा होता.