टेबलावरचं जंगल

"तुम्ही यायचं नाही म्हणजे नाही," मी म्हटलं. "खोका मी नेते, मी देऊन येते. आजवर कोण नेत होतं?"

आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, चपलांसकट दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर तो खोका. खोक्याला चारही बाजूंनी धरून असे बसले होते, की जणू कुणी हिसकावून नेईल.

"आजवर तूच नेलास, म्हणून तर आज मी येतो," हे म्हणाले. "शेवटचं जंगल आहे हे. सगळी झाडं एकदा उभी राहिलेली बघायची आहेत मला. डोळे आहेत तोवर."

चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्यांची नजर हळूहळू जाणार. आता डोळ्यांचं नाव काढल्यावर पुढे काय बोलणार? माणसाने भांडावं तरी नीट. मध्येच असं काहीतरी बोलून समोरच्याचं तोंड बंद करायची यांची जुनी खोड आहे.

कुणाला पटकन कळत नाही म्हणून सांगते. ह्यांचा मूळ धंदा दातांचा. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि हे त्यावरून कवळ्या बनवायचे. चौतीस वर्षं एका खोलीत बसून लोकांचे दात केले, लोक हसले की त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्या डॉक्टरांपैकी एकाला लढाईचा नाद होता. टेबलावरच्या लढाईचा. मोठं थोरलं टेबल, त्यावर कापडाच्या टेकड्या, बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, फासे टाकायचे, पट्टीने मोजायचं आणि आपापलं सैन्य पुढे सरकवायचं. चांगली पन्नाशी उलटलेली माणसं रविवारचे रविवार हे करतात. तर हे डॉक्टर एकदा म्हणाले, "उस्ताद, तुमचा हात एवढा बारीक चालतो, आमच्या टेबलाला एखादं झाड करून द्याल का?"

एखादं! त्या एखाद्याला अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षांत माझ्या घराचं काय झालं ते मलाच ठाऊक. तारा पिळून खोड करायचं, त्यावर गोंद आणि माती थापून साल करायची, मग गाद्यांतला स्पंज मिक्सरमधून काढून, हिरवा रंगवून त्याची पालवी करायची. मिक्सर माझा. पालवी गाळायला चहाची गाळणी, तीही माझी. रंगवलेला भुसा वाळत कुठे घालायचा, तर धुतलेल्या चादरीवर. एवढं झालं की पानं गळू नयेत म्हणून वरून केसांचा स्प्रे मारायचा. मी जन्मात कधी केसांना तेलापलीकडे काही लावलं नाही, आणि महिन्याला दोन डबे स्प्रेचे आणते. दुकानदारीण एकदा विचारत होती, "मावशी, एवढं कुठे जाता हो नटून?" मी काय सांगणार, कपाळ?

बरं, एवढं करून माणूस कधी तिकडे फिरकला नाही. चारचौघांत जायचं म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखतं. म्हणून झाडं पोचवायची मी. आणि म्हणूनच जे ह्यांना माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

पहिल्याच वर्षी मी खोका देऊन जरा थांबले होते. म्हटलं बघू तरी काय करतात. झाडं छान लावली त्यांनी, लाकडाच्या तुकड्यावर, एकाशेजारी एक. सगळे वा वा म्हणाले. मग लढाई सुरू झाली आणि कुणाचे तरी सैनिक त्या जंगलात शिरायला निघाले. तर त्याने सरळ एकेक झाड उपटलं आणि बाजूच्या खिडकीत फेकलं! का, तर झाडं असली की हात आत जात नाही, सैनिक ठेवता येत नाहीत. खालचा लाकडाचा तुकडा राहिला की झालं, इथे जंगल आहे असं समजायचं. दहा मिनिटांत टेबल साफ. दोन महिने खपून केलेली झाडं खिडकीत आडवी पडलेली, आणि वर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला.

घरी आले तर हे दारातच. "काय म्हणाले?" म्हणून.

"नजर ठरत नव्हती म्हणाले सगळ्यांची," मी म्हटलं. काय करणार? त्यानंतर दर वेळी तेच सांगितलं. अकरा वर्षं. आणि आता हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून ते बघायला निघाला होता.

"पाकीट राहिलं," म्हणून मी आत गेले, आतल्या खोलीचं दार लावलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, हे येताहेत आज माझ्याबरोबर."

"अरे वा! उस्ताद स्वतः? या की—"

"ऐका आधी. आज झाडं उचलायची नाहीत. एकही नाही."

"वहिनी, पण झाडं न उचलता खेळायचं कसं? आणि उस्तादांना तर—"

"मला काही सांगू नका. कसं खेळायचं ते तुम्ही बघा. अकरा वर्षं माझ्या घराचा उकिरडा करून घेतलाय मी तुमच्या लढायांपायी. एक दिवस माझं ऐका."

"अहो, पण मी काय म्हणतो—"

"काही म्हणू नका," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ते जमायचे त्या खोलीत, लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वर, आम्ही पोचलो तेव्हा टेबल मांडून तयार होतं. एका बाजूला डॉक्टरांचं लाल सैन्य. समोर निळं. ते भूगोलाच्या बाईंचं. ह्या बाई शाळेत शिकवतात आणि रविवारी तोफा चालवतात. दोघांनी उठून ह्यांना खुर्ची दिली. बाईंनी एकेक झाड खोक्यातून काढून लावलं. साठ झाडं. हे मान जराशी तिरकी करून बसले होते. मी डॉक्टरांकडे डोळे वटारून बघितलं. डॉक्टरांनी हात जोडल्यासारखं केलं.

मग जे सुरू झालं त्याला लढाई म्हणणं कठीण आहे. डॉक्टरांच्या सैन्याला जंगलातूनच जायचं होतं, आणि डॉक्टरांची बोटं म्हणजे केळी. पहिला सैनिक आत ठेवला, तर शेजारच्या फांदीला मनगट लागून तो आडवा. तो उभा करायला गेले तर त्याच्या मागचे दोन. मग बॅगेतून दात काढायचा चिमटा काढला. त्यात धरून एकेक सैनिक झाडांमध्ये सोडायला लागले, कपाळावर घाम, जीभ बाहेर. बाईंची मोजायची पट्टी फांद्यांत अडकली. ती सोडवताना बाईंचा सेनापती घोड्यासकट खाली फरशीवर गेला.

"राहू द्या, राहू द्या," बाई टेबलाखालून म्हणाल्या. "काही झालेलं नाही. घोड्याचा पाय तेवढा गेलाय."

अर्धा तास झाला तरी लाल सैन्य चार बोटं पुढे गेलं नव्हतं. बाई दात-ओठ खात होत्या. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी नाही म्हणून मान हलवायचे. एकेक सैनिक पडायचा तेव्हा टक् असा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला आमचे हे खुर्चीत चुळबुळ करायचे.

शेवटी ह्यांनी हातच आपटला खुर्चीवर.

"अहो, काय चाललंय काय हे? मघापासून ऐकतोय, टक टक टक. झाडं उचला की!"

डॉक्टरांचा चिमटा हवेतच थांबला.

"उस्ताद, उचलायची?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"नाहीतर हात कसा जाणार आत? प्रत्येकाच्या बुडाला तार कशासाठी सोडलीय मी? शोभेला? वर ओढलं की सुटतं. तुम्हीच नाही का मला पहिल्या वर्षी सांगितलं, झाड सुटं पाहिजे म्हणून? तुमचं काय डोकं फिरलंय आज?"

डॉक्टरांनी हातातला चिमटा माझ्या दिशेने केला. "मी सांगत होतो हो वहिनींना. मला बोलूच दिलं नाही त्यांनी."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं ते तारेचं टोक माझ्या बोटांना टोचत आलंय. मला वाटायचं झाड पडू नये म्हणून आहे ते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं. "उचलून फेकतात ते?"

"फेकतात नको म्हणू. बाजूला ठेवतात."

"मग मी घरी येऊन सांगायचे ते? नजर ठरत नव्हती, लोक हलत नव्हते जागचे, हे सगळं तुम्ही ऐकून घेत होतात?"

"तू इतकं मन लावून सांगायचीस," हे म्हणाले. "दर वेळी काहीतरी नवीन. एकदा तर कोण बाई रडली म्हणालीस झाडं बघून. मला ऐकायला बरं वाटायचं."

बाईंनी तोंड फिरवलं. हसत होत्या मेल्या. मला मात्र असा संताप आला, की चार लोक नसते तर तो खोकाच मारला असता डोक्यात. सकाळपासून माझा जीव टांगणीला, डॉक्टरांचा छळ केला, एका बिचाऱ्या घोड्याचा पाय घालवला, कुणासाठी? तर ज्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं त्याच्यासाठी!

"मग आज कशाला आलात?" मी म्हटलं. "उपटलेली झाडं बघायला?"

"उभी असलेली बघायला. सांगितलं ना घरी." मग जरा थांबून म्हणाले, "आता त्यांना उचलायचीच आहेत, तर त्याआधी तू सांग मला. कशी दिसताहेत?"

"मी काय सांगू? समोर तर आहेत. बघा की."

"मला मधलं दिसत नाही गं," हे म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. टेबलाची धार दिसते, तुझी बाही दिसते. जिथे बघायला जावं नेमका तिथे डाग."

"वर्षभर तरी दिसेल म्हणाले होते डोळ्यांचे डॉक्टर!"

"ते म्हणाले होते. डोळ्यांनी ऐकलं नाही." ह्यांनी हात चाचपत टेबलाची कड धरली. "शेवटची वीसेक तर मी बोटांनीच केलीत. वाकडी झाली असतील तर तेही सांग. मला राग नाही यायचा."

चार महिने. एका घरात, एका ताटाशी बसून चार महिने हा माणूस बोलला नाही. मी रोज भुसा झाडत होते, गाळणीवरून भांडत होते, आणि हे समोर बसून बोटांनी पानं चिकटवत होते. मला रडू फुटेल असं वाटलं. म्हणून मी आणखी चिडले.

"छान दिसताहेत," मी म्हटलं.

"तसं नको. तसं तू अकरा वर्षं सांगतेस. बघून सांग."

आता खरं सांगायचं तर, मी ती झाडं कधी बघितलीच नव्हती. भरली होती, वाहिली होती, त्यांची पानं गादीतून, बुटातून वेचून फेकली होती. सगळी मिळून हिरवा कचरा, एवढंच माझ्या डोक्यात. मी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. बाई आपणहून बाजूला झाल्या. मी टेबलाशी वाकले, अगदी हनुवटी कडेला टेकेपर्यंत, सैनिकांच्या उंचीला आले, आणि आत बघितलं.

किती वेळ गेला कोण जाणे.

"काय झालं?" हे म्हणाले. "वाकडी आहेत का?"

"थांबा हो जरा. बघू तर द्या." मी म्हटलं. "हे अगदी पुढचं आहे ना, ह्याच्या बुंध्याला एक ढोली आहे. एवढीशी. आत काळोख आहे तिच्या."

"हां, ती मी सुईने—"

"आणि डावीकडची एक फांदी सुकलेली आहे. तिला पानंच नाहीत. त्या बाजूला मुळं वर आलीत, एक मातीत आत गेलंय आणि पुढे परत बाहेर निघालंय."

"ते बरोबर. आणि त्याच्या मागे जे आहे—"

"मध्ये बोलू नका," मी म्हटलं. "अजून एकोणसाठ राहिलीत."

डॉक्टरांनी हातातला सैनिक खिशात टाकला आणि खुर्ची ओढून घेतली.