फादरांच्या मुठीचा खळगा

मित्रांनो, मी एक जुने ओकचे टेबल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड गोड ऐकायला मिळणार नाही. चर्चच्या आवारातला ओकचा वृक्ष बर्फाच्या वादळात आडवा झाला, तेव्हा ब्रदर ऑसवाल्डने त्यातून मला घडवले. पोरांनी भोवती बसून वाद घालावा म्हणून मुद्दाम गोल केले. आमच्या कॅथलिक विद्यापीठात कोणी नर्स होवो की हिशेबनीस, फादर डोनेलनांचा तत्त्वज्ञानाचा तास सगळ्यांना सक्तीचा होता.

फादरांचा एक दंडक होता. कोणाला विरोध करायचा, तर आधी त्याची बाजू अशी मांडायची की ‘हो, हेच मला म्हणायचे होते’ असे त्यानेच कबूल करावे. ‘पण’ म्हणायचे ते त्यानंतर. तो ‘पण’ म्हणताना फादर मला असा ठोसा देत की वर्षानुवर्षांनी तिथे खळगा पडला. मला त्याचा फार अभिमान होता.

मग सर्जनशीलता शिकवणाऱ्या किंझी बाई आल्या. हातात रंगीत चिठ्ठ्या आणि तोंडात सदा साखर. त्या मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झाल्या. तत्त्वज्ञान काढून त्या जागी त्यांना आपला विषय सक्तीचा करायचा होता. निर्णयाची सभा माझ्याभोवतीच बसली.

फादर उठले आणि दंडकाप्रमाणे आधी बाईंची बाजू मांडू लागले. “आपली पोरं दुसऱ्यांचे विचार घोकतात. स्वतःचा एक विचार करायचा म्हटलं की घाबरतात. चुकायची भीती घालवणारा एक तरी तास त्यांना हवा.”

बाईंचे डोळे भरून आले. “फादर, मलासुद्धा हे इतकं नीट सांगता आलं नसतं.”

डीन व्हॅन हूक नवे होते. दंडक त्यांच्या गावीही नव्हता. “मग झालं तर,” ते घड्याळ बघत म्हणाले. “फादरच तयार आहेत म्हटल्यावर वाद कसला? करा हात वर.”

“अहो, माझं अजून...” फादर म्हणाले, तोवर हात वर गेले होते. उचललेली मूठ त्यांनी खिशात घातली. त्या डीनच्या पायावर कोसळावे असे मला वाटले, पण माझे पाय भक्कम.

बाईंच्या तासाला नियम उलटाच. कल्पना निघत असताना कोणी नाही म्हणायचे नाही. एका दिवट्याने सुचवले, टेबलाला पांढरा रंग देऊ, वर लिहिता-पुसता येईल.

फादरांकडे शिकलेल्या टेसने हात वर केला. “मॅडम, मी नको म्हटलं तर चालेल?”

“आत्ता नाही गं, नंतर.”

नंतर रंगाचा डबाच आला. खळगा पुट्टी भरून बुजवला.

एके दिवशी निवृत्त झालेले फादर आपली पुस्तके न्यायला आले. टेस मला पुसत होती. फादरांचा हात खळगा शोधत फिरला. “गुळगुळीत झालंय. मागे बसणाऱ्या लाजऱ्या पोरालाही इथे लिहिता येतं. बाईंचं म्हणणं खरं आहे.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“ही त्यांची बाजू झाली,” टेस म्हणाली. “आता पुढचं म्हणा ना, फादर.”

फादरांनी आपली सुजलेली बोटे पाहिली. “माझा हात दुखतो, पोरी. तू म्हण.”

टेसने ‘पण’ म्हटले आणि मला ठोसा दिला. रंगाला पहिला तडा गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सगळे सांगतात. मला जपू नका. माझ्याभोवती बसलात तर समोरच्याचे आधी पुरते ऐकून घ्या, आणि मग मला ठोसा मारा.