जिंदा लोकेशन

नाशिकच्या वडाळा नाक्यावरचे इसाकभाई मोटार वाइंडिंगवाले तसे शहाणे माणूस. पण शहाण्या माणसाचं गाढव कसं होतं ते बघायचं असेल, तर त्याच्या घरात लेकीचं लग्न काढावं आणि त्याच्या हातात मोबाईल द्यावा.

लेक आफिया, एकुलती एक. नवरा मुलगा सरफराज, मालेगावचा. त्याला लहानाचं मोठं केलं त्याच्या खालानं, म्हणजे मावशीनं. ह्या माजिदाआपा नाकावर माशी बसू न देणाऱ्या. मंगनीच्या दिवशी चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्या सहज बोलून गेल्या, "इसाकभाई, तुमच्या घरात बाईमाणूस नाही. बरात आली की आमची आबाळ नको व्हायला."

आफियाची अम्मी, आयशा, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शब्द इसाकभाईंच्या जिव्हारी लागले. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. बरात येईल तेव्हा हॉलच्या दारात स्वतः उभं राहायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, आणि पहिला हार, सगळ्यात भारी, माजिदाआपांच्या हातात द्यायचा. इथे चुकलो तर पोरगी जन्मभर टोमणे ऐकणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लग्नाच्या सकाळी ते हॉलवर असताना बरातीच्या मिनीबसचा ड्रायव्हर गोरक्ष याचा फोन आला. गडी सटाण्याकडचा.

"शेट, चांदवड सोडं आम्ही. हॉल कोठे शे? लोकेशन टाका ना."

इसाकभाईंनी चष्मा चढवला. मोबाईल दोन पर्याय दाखवत होता. एक सध्याचं लोकेशन, दुसरं लाइव्ह. लाइव्ह म्हणजे जिंदा, एवढं इंग्रजी त्यांनाही येत होतं. मग हे दुसरं काय, शिळं? पाहुण्यांना कुणी शिळं वाढतं का? त्यांनी लाइव्ह दाबलं. किती वेळ, असं मोबाईलनं विचारलं, तेव्हा हात आखडता न घेता सगळ्यात जास्त वेळ देऊन टाकला. एवढं करून त्यांना इतकं बरं वाटलं, की बिर्याणीच्या डेगीजवळ जाऊन त्यांनी आचाऱ्याला उगाचच शाबासकी दिली.

तेवढ्यात शेजारच्या उज्वलावहिनी धावत आल्या. लग्नाची निम्मी धावपळ ह्या बाईंच्याच गळ्यात होती. "भाईजान, हारवाल्यानं टांग दिली. फोन उचलत नाही!"

"मी आणतो," म्हणत इसाकभाईंनी स्कूटरला किक मारली, आणि खिशातला मोबाईल घेऊन ते निघाले. म्हणजे, मोबाईलच्या हिशेबानं, हॉलच निघाला.

फुलबाजारात गर्दी ही अशी. घासाघीस चालू असताना पुन्हा गोरक्षचा फोन. "शेट, आम्ही नाशिकमा शिरनूत. पण रस्ता लय गल्लीबोळाचा दाखवस!"

"लोकेशनवर भरोसा ठेव," इसाकभाई एका कानात बोट घालून ओरडले. "एकदम जिंदा आहे!"

फोनमधूनच मागून माजिदाआपांचा आवाज आला, "ये हॉल है के फेरीवाला? आत्ता डावीकडे होता, आता उजवीकडे गेला!" पण तोवर फुलवाल्यानं भाव उतरवला होता, आणि इसाकभाईंनी फोन खिशात घातला होता.

हारांची पिशवी भरली. सगळ्यात वर तो भारी हार, टपोऱ्या गुलाबांचा. बरातीला अजून वेळ असेल असं त्यांना वाटलं, आणि स्कूटर आपसूक कब्रस्तानाच्या रस्त्याला वळली. आज आयशाला भेटल्याशिवाय दिवस गोड लागणार नव्हता. फाटकाशी त्यांनी मोबाईलचा आवाज बंद केला, आत गेले, बाजारातून आणलेल्या पाकळ्या कबरीवर वाहिल्या आणि जवळ बसून तिला सगळं सांगायला लागले. बिर्याणी कुणाची, आफियाच्या दुपट्ट्याचा रंग कोणता, आणि त्या माजिदाआपांची आपल्याला कशी धास्ती वाटते, तेसुद्धा. बोलता बोलता डोळे भरून आले.

बाहेर करकचून ब्रेक लागला.

त्यांनी वळून पाहिलं. फाटकाला नाक लावून मिनीबस उभी, काचेवर फुलांच्या माळा, आणि आतून सेहरा बांधलेला सरफराज भांबावून बघतोय. गोरक्ष मोबाईल नाचवत होता, "हाई काय हॉल शे का, शेट?" आणि दारातून, जरीचा शरारा सावरत, माजिदाआपा उतरत होत्या.

लग्नाची बरात, आणि आणून उभी कुठे केली तर कब्रस्तानात! इसाकभाई धावत फाटकाशी आले. "आपा, माफ करा. मी... ते जिंदा लोकेशन..."

माजिदाआपांनी तोंड उघडलं होतं ते चांगलं वाभाडे काढायलाच. पण त्यांची नजर आत, ताज्या पाकळ्यांच्या कबरीवर गेली, मग इसाकभाईंच्या ओल्या डोळ्यांवर आली. त्या हळूच म्हणाल्या, "आफियाची अम्मी?"

इसाकभाईंनी मान हलवली.

आपांनी दुपट्टा डोक्यावर सारखा केला, फाटकाबाहेरच उभ्या राहून हात पसरले आणि दुआ मागितली. मागे सगळी बरात उतरून उभी राहिली. हात खाली घेतल्यावर त्यांनी स्कूटरला लावलेल्या पिशवीत वरच असलेला तो टपोरा हार उचलला.

"हा कुणाचा?"

"तुमचा, आपा. पहिला हार."

"पहिला समधनचा, माझ्या विहिणीचा," आपा म्हणाल्या, आणि हार इसाकभाईंच्याच हातात दिला. "जा, घालून या. आणि तिला सांगा, तुमच्याकडे बाईमाणूस नाही असं म्हणाली होती ती माजिदा येडी होती."

ते परत आल्यावर आपांनी सरफराजच्या मित्राला स्कूटर घेऊन मागून यायला सांगितलं, आणि इसाकभाईंना ड्रायव्हरशेजारी बसवलं. "आता तोंडानं रस्ता सांगा. मोबाईल बस झाला."

गोरक्षनं पडद्यावर पाहिलं. इसाकभाईंच्या लोकेशनचा ठिपका आता गाडीबरोबरच चालला होता. "मावशी, आते काय काळजी नई," तो हसत म्हणाला. "हॉल गाडीमाच बशेल शे!" सगळी बस खो खो हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं माजिदाआपा.

हॉलच्या दारात उज्वलावहिनी एकट्याच गुलाबपाणी घेऊन उभ्या. बरातीच्या बसमधून नवरीचा बापच पहिला उतरला, म्हणून त्यांनी गोंधळून त्याच्यावरच शिंपडलं. भिजलेले इसाकभाई तसेच आफियाच्या खोलीशी गेले.

"अब्बा, बरात घेऊन कुठे फिरत होता?" नटलेली आफिया रागानं म्हणाली.

"कुठे नाही गं," इसाकभाई म्हणाले. "तुझ्या अम्मीला तुझी सासरची माणसं दाखवून आणली."