फेस्टसची अर्धी गत

टेपांचं खोकं ग्रंथालयाच्या हवाली केलं तेव्हा डेलिया ग्रीलीला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण तिथला आयरिश संगीताचा संग्रह सांभाळणाऱ्या मोराने तिला परत बोलावून घेतलं.

"मिसेस ग्रीली, सगळं झकास निघालंय. फक्त शेवटची गत अर्धीच आहे. पूर्वार्ध दोनदा वाजतो, मग फिडल थांबतं आणि सगळे हसत सुटतात."

"टेप धड आहे गं," डेलिया म्हणाली. "आमचा माणूसच तसा होता."

ती गत तिच्या नवऱ्याने, फेस्टसने, लग्नाच्या वर्षी बांधली होती. शनिवारी शिकागोतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात आयर्लंडमधल्या गावाकडची मंडळी जमायची, चहाची किटली शेगडीवरून उतरायची नाही, आणि कुणीतरी टेप करायचं यंत्र आणायचंच. एकदा ऐकून गत उचलणारे कान होते एकेकाचे! म्हणून फेस्टस निम्म्यावरच व्हायोलिनवरून गज उचलायचा. "उरलेली बायकोची," म्हणायचा. मंडळी त्याला शिव्या घालायची. उत्तरार्ध तो वाजवायचा सगळे गेल्यावर, डेलिया कपबशा विसळत असताना.

"म्हणजे ती आता फक्त तुम्हाला येते," मोरा म्हणाली.

"येते की. आणि माझ्याबरोबरच जाईल. सगळंच काय तुमच्या कपाटात ठेवायचं?"

मोराने आग्रह केला नाही. "बरं. मग 'अपूर्ण' अशी नोंद करते."

तो शब्द डेलियाला झोंबला. अपूर्ण म्हणे! फेस्टसने आयुष्यात काही अर्धवट सोडलं नव्हतं. तिने मनातल्या मनात उत्तरार्ध धरायला घेतला, पण पहिला सूरच सापडेना. इतकी वर्षं जिच्यावर नाग होऊन बसली होती, ती गत जागेवर नव्हतीच.

"पोरी," ती कशीबशी म्हणाली, "मला आठवत नाहीये गं."

मोराने माइकशेजारच्या यंत्रात टेप घातली. "पूर्वार्ध लावून बघू?"

"लाव. आणि तो माइकही चालू कर. सापडली तर पुन्हा हरवायला नको."

डेलियाला वाद्य येत नव्हतं. तिच्या आईच्या घरीही नव्हतं. तिथे नाचायचं झालं की आई तोंडानेच गत वाजवायची, डिडल-डाय, डिडल-डम. डेलियाला तेवढंच यायचं. कपबशा विसळता विसळता ती उत्तरार्ध तशीच तोंडाने धरायची, आणि पूर्वार्ध आला की फेस्टस वाजवायचा.

फिडल सुरू झालं. पूर्वार्ध एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला, गज उचलला गेला, मंडळी हसली. आणि त्या हसण्यातूनच डेलियाचं तोंड सुरू झालं. तिने काही आठवलं नाही. पाय ठेका धरत होता आणि सूर आपसूक येत होते. मोराने हळूच टेप थांबवली. थकल्या, चिरक्या आवाजात डेलियाने उत्तरार्ध दोनदा पुरा केला.

पण गत अशी संपत नाही. उत्तरार्धानंतर ती पुन्हा पूर्वार्धावर यायला हवी, आणि तिथे पाळी फेस्टसची असायची. डेलिया सवयीने थांबली. फिडल काही वाजेना. तो गेल्यापासून इतका तो तिला कधी आठवला नव्हता.

आणि फिडल वाजलं. मोराने टेप मागे नेऊन पहिल्यापासून लावली होती.

"नेहमीसारखा उशिरा आला," डोळे पुसत डेलिया म्हणाली. मोराचा हात बटणाकडे जाताना दिसला तसा तिने तो घट्ट धरला.

"थांबवू नकोस गं. आता माझी पाळी येईल."